पत्रांच्या पानावर ड्रॅगन कशाला?

"काका, नमस्कार. मी बेळगावच्या शहापूरची. खडेबाजारात फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या दुकानात डिझाईन करते, स्वतःची चित्रं रात्री. आपल्या भागातून हौशी खेळाडूंसाठी एक मराठी त्रैमासिक निघतं. बोर्ड गेम, पत्ते, फाशांचे खेळ, जुने पट, सगळं त्यात असतं. त्यांनी वाचकांच्या पत्रांच्या दोन पानांची चित्रं मला सांगितली. मी ड्रॅगन, चिलखतातला योद्धा, चेटकीण असं काढून दिलं. संपादक म्हणाले, चित्रं झकास आहेत, पण पत्रांची वाटत नाहीत. म्हणजे काय, ते सांगेनात. शिवाय मागच्या अंकात चौकाबाऱ्याच्या, म्हणजे कवड्यांवर खेळायच्या खेळाच्या, पटावर फुल्या कोपऱ्यात छापल्या म्हणून निपाणीच्या एका वाचकाने खरमरीत पत्र पाठवलंय. त्याची जरा टोपी उडवणारं चित्र त्यांना हवंय. आजी म्हणते, तो माणूस बरोबर आहे. दुकानातले म्हणतात, पत्रांच्या पानाची चित्रं म्हणजे नुसता भराव. पैशाचं विचारलं तर उत्तर आलं, 'नाव होईल की.' काय करू? – एक रेघवाली, शहापूर"

रेघवाले, आधी आजीला माझा नमस्कार सांग. आजी बरोबर आहे आणि निपाणीकरही बरोबर आहेत. चौकाबाऱ्याचा पट पाच बाय पाच, पंचवीस घरांचा. चार बाजूंच्या मधल्या घरांना एकेक फुली आणि एक अगदी मध्यावर. फुलीवरच्या सोंगटीला कुणी मारू शकत नाही. प्रत्येक गडी आपल्या बाजूच्या मधल्या घरातून निघतो, म्हणजे निघायचं घरच सुरक्षित. फुल्या कोपऱ्यात नेल्या की सोंगटी स्वतःच्या घरात बसल्या जागी मरते. मग खेळ कसला? त्या गृहस्थांनी रागाने लिहिलं असेल, पण मुद्दा सोळा आणे खरा आहे, आणि खऱ्या मुद्द्याची चित्रातून टोपी उडवली की वाचक हसत नाहीत, पुढच्या वेळी पत्र लिहायचं बंद करतात.

तेव्हा असं काढ. एक सोंगटी आपल्या घरात गादी अंथरून, चादर डोक्यावर ओढून झोपली आहे. उशाशी दुसऱ्या रंगाची सोंगटी उभी आहे, तिच्या हातात तोच मागचा अंक उघडलेला, आणि ती बोट ठेवून त्यातला पट दाखवते आहे. बस्स. शब्द एकही नको. टोपी उडते, पण अंकाची. संपादकांना रुचेल का? मला वाटतं रुचेल. चुकीची दुरुस्ती छापायची तर त्यांना आहेच. नुसत्या दिलगिरीच्या दोन ओळींपेक्षा हे चित्र त्यांची बाजू जास्त सावरेल. आणि कच्चं चित्र दाखवताना 'मी टर उडवणार नाही' असं भाषण देऊ नकोस. चित्र पुढे ठेव आणि गप्प बस. हसले तर काम झालं.

आता मूळ दुखणं: 'पत्रांची वाटत नाहीत'. संपादकांना नेमकं सांगता आलं नाही, पण त्यांना खुपलं ते बरोबर खुपलं. ड्रॅगन मुखपृष्ठावर शोभतो, एखाद्या खेळाच्या परीक्षणातही शोभतो, कारण तिथे खेळाच्या आतलं जग दाखवायचं असतं. पत्रांचं पान हे अख्ख्या अंकातलं एकच पान जिथे खेळणारी माणसं स्वतः बोलतात. आणि ती ड्रॅगनबद्दल क्वचितच बोलतात बघ. मेव्हणा पत्ते लपवतो, डब्यातून आलेल्या सोंगट्यांत एक कमी निघाली, नियमाच्या एका ओळीवरून नवरा-बायकोचं दोन दिवस बोलणं बंद, मुलगा हरला की पटच उधळतो, असलं बोलतात. म्हणजे तुला काढायची आहे टेबलाची अलीकडची बाजू, जिथे माणसं मांडी घालून बसलीत ती.

पण माणसं काढायची म्हणजे पत्रात लिहिलंय तेच पुन्हा रेघांत उतरवायचं असंही नाही. समज, खानापूरच्या एखाद्या वाचकाने लिहिलं की पावसाळ्यात वीज गेली की आम्ही मेणबत्तीवर खेळतो आणि फाशावरचे ठिपके दिसत नाहीत. पहिला विचार काय येईल? अंधारी खोली, मेणबत्ती, भोवती चार चेहरे. ते पत्रात आलंच आहे. तू नुसतं एक बोट काढ, फाशाच्या खळग्यांवरून चाचपत जाणारं, आणि फ्रेमच्या कडेला दुसऱ्या कुणाचा तरी हात, ते बोट हळूच पुढच्या बाजूवर सरकवू पाहणारा. लबाडी पत्रात नव्हती. ती तू आणलीस. वाचक पत्र वाचून पुन्हा चित्राकडे येतो तो एवढ्यासाठी.

कटान या बोर्ड गेमचं उदाहरण घे, कारण त्याबद्दलची तक्रार कुठल्याही खेळाच्या अंकात हमखास असते. सात पडला की चोराची सोंगटी हलते आणि ती बसेल त्या शेताचं उत्पन्न बंद. दोन फाशांच्या 36 जोड्यांपैकी 6 जोड्यांची बेरीज सात येते, दुसरी कुठलीच बेरीज इतक्या वाटांनी येत नाही, तेव्हा सात वरचेवर पडणारच. तरी प्रत्येक टेबलावर एकजण असतो ज्याची खात्री असते की चोर फक्त त्याच्याच शेतात येतो. त्याला गणित समजावणारं उत्तर संपादक देतीलच. तू चोराला त्या शेतात दोरी बांधून कपडे वाळत घालताना काढ. आता मुक्कामच इथे, म्हटल्यासारखं.

चेहऱ्यांपेक्षा हातांवर भर दे. हे मी सगळ्यांना सांगतो आणि कुणी ऐकत नाही. खेळताना माणूस चेहरा सांभाळतो, हात सांभाळायला विसरतो. पत्ते छातीशी धरणारा हात, कवड्या उगीचच जास्त वेळ घोळवणारा हात, दुसऱ्याची सोंगटी मारताना ती मुद्दाम टक्कन आपटणारा हात. शिवाय यात एक सोय आहे. निपाणी काय, चिकोडी काय, गावं लहान. नाव-गाव छापलेल्या पत्राशेजारी तू टक्कल आणि मिशी काढलीस, आणि योगायोगाने त्या गृहस्थांना टक्कल आणि मिशी असली, तर बाजारात त्यांना आठवडाभर ऐकून घ्यावं लागेल. हात कुणी ओळखत नाही.

रस्त्यावरचं किंवा दुकानातलं दृश्य काढायची वेळ आली तर पाट्या आहेत तशा काढ, कन्नड मोठी, खाली मराठी किंवा इंग्रजी, दुकानागणिक असेल तसं. चित्रात तेवढंच हवं. त्यात काही सिद्ध करायला गेलीस तर पुढच्या अंकाची सगळी पत्रं पाट्यांवरच येतील आणि खेळ राहील बाजूला.

आता ज्यात बहुतेक चित्रकार मार खातात ते. हौशी खेळाडू हा जगातला सगळ्यात बारीक नजरेचा वाचक आहे. फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात असते: एकसमोर सहा, दोनसमोर पाच, तीनसमोर चार. कागदावर फाशाच्या तीनच बाजू दिसतात, म्हणून एकाच फाशावर तीन आणि चार दोन्ही दिसले की फासा खोटा. चित्रकार सर्रास काढतात. वीस बाजूंच्या फाशालाही तोच कायदा, तिथे समोरासमोरची बेरीज एकवीस. नेहमीच्या विशी फाशावर वीसच्या त्रिकोणाला लागून दोन, आठ आणि चौदा असतात. तिथे एकोणीस लिहिलास तर कुणीतरी भिंग घेऊन बसलेला आहेच. बुद्धिबळाचा पट काढताना खेळाडूच्या उजव्या हाताचं कोपऱ्याचं घर पांढरं हवं. जाहिरातींत हे इतक्या वेळा उलटं असतं की मी मोजायचं सोडून दिलंय. पत्त्यांत बदामचा राजा बिनमिशीचा, आणि इस्पिक-बदामचे गुलाम एका डोळ्याचे. कॅरमच्या नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी. पटावर सोंगट्या पसरलेल्या दाखवायच्या तर मोजून काढ. हे सगळं पाठ करायची गरज नाही, पण काढायचा तो खेळ चित्राआधी हातात घेऊन बघ. नाही मिळाला तर ज्याच्याकडे आहे त्याला फोटो पाठवायला सांग. खेळणाऱ्यांना आपला डबा दाखवायला फार आवडतं.

भरावाचं बोलू. दुकानातल्यांना सांग, चित्रकार रवी परांजपे आपल्या बेळगावचे, इथे चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली शिकले, आणि छापील पानासाठी बोधचित्रं काढण्यातच त्यांनी मोठं नाव मिळवलं. छापील पानावर हलकी जागा नसते. उलट पत्रांचं पान वाचक सगळ्यात आधी उघडतात, आपलं नाव आलंय का ते बघायला.

आणि या पानाला कायमचा चेहरा दिलास तर तुझं काम अंकागणिक सोपं होईल. इंग्लंडात 1984 साली 'क्रॅश' नावाचं मासिक सुरू झालं, झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावरच्या खेळांना वाहिलेलं. मुखपृष्ठं ऑलिव्हर फ्रे रंगवायचे, ती लोकांच्या अजून डोळ्यांपुढे आहेत. पण पत्रांच्या सदराला उत्तरं द्यायचा लॉईड मॅनग्रम नावाचा गृहस्थ, आणि तो गृहस्थ मुळात नव्हताच. कचेरीतल्या मंडळींनी उभं केलेलं ते सोंग. वाचक मात्र त्याच्याशी खऱ्यासारखे भांडायचे. आपल्याकडे 'ललित' मासिकात जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या नावाने लिहायचे आणि वसंत सरवट्यांनी त्या ठणठणपाळाला रूप दिलं. नाव दळव्यांचं, पण डोळ्यांपुढे येतो तो सरवट्यांच्या रेघेतला माणूस.

तुमच्या अंकाला माझं मत विचारशील तर मी कवडी सुचवीन. कवडीला मुळातच तोंड आहे, वेगळं काढावं लागत नाही. ती उताणी पडते किंवा पालथी. संपादकांनी पत्राला उत्तर दिलं असेल तिथे शेवटी उताणी कवडी, उत्तर टाळलं असेल तिथे पालथी. दोन अंकांत वाचकांना खूण कळेल. आणि चारही पत्रांखाली पालथ्या पडल्या तर चौकाबाऱ्याच्या आपल्याकडच्या हिशोबाने आठ, म्हणजे संपादकांना वर आणखी एक डाव! ते पत्र कोण लिहील ते मी आत्ताच सांगू शकतो. निपाणीहून येईल.

एकच खूण पुन्हा पुन्हा वापरून कंटाळा येईल असं वाटत असेल तर एकदा आंबोली घाट उतरून सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवताना बघून ये. दशावतारी गंजिफेचे पत्ते 120. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. राजा-प्रधानाच्या पानांवर आकृत्या आहेत, बाकीच्या शंभर पानांवर नुसत्या खुणा: माशाचा एक, माशाचे दोन, माशाचे सात. इवल्याशा गोल पानात सात मासे बसवायचे आणि हातात पंख्यासारखी पानं धरल्यावर ते मोजताही आले पाहिजेत. कुठे ओळीत, कुठे घेर करून, कुठे मधला एक सोडून. पत्रांच्या दोन पानांवर तीन बोटांच्या जागेत काय करता येतं, याची याहून चांगली शाळा आपल्या जवळपास नाही.

जागेवरून आठवलं. तू फ्लेक्सवाली, तुझा हात दहा फुटांचा. इथे ए-फोर पानावर तीन रकाने असतील तर एका रकान्याची रुंदी जेमतेम 57 मिलिमीटर. दीडपट मोठं काढ, साधारण 85 मिलिमीटर, आणि छोटं करून घरच्या प्रिंटरवर छापून बघ. पडद्यावर बघून फसशील. बारीक जाळीच्या रेघा छोट्या झाल्या की त्यांचा काळा डाग होतो, आणि कागद जितका शाई पिणारा तितका लवकर. मागचा अंक समोर ठेव, कागद बोटांनी चोळून बघ, मग रेघेची जाडी ठरव. नुसतं काळं-पांढरं रेखाटन असेल तर 1200 डीपीआयला, म्हणजे इंचाला 1200 ठिपक्यांना, दे, छटा असतील तर 300 पुरे. दुकानातल्या फायली तू यापेक्षा कितीतरी कमी रिझोल्यूशनला देत असशील. फ्लेक्स लांबून बघतात म्हणून खपतं, अंक नाकापासून वीतभर अंतरावर असतो.

संपादकांकडून एक गोष्ट हट्टाने माग: काटछाट झालेलं, छापायला जाणारं पत्र. मूळ पत्र वाच, जरूर वाच, त्यातच गंमत असते. पण चित्र शेवटच्या मजकुरावर काढ. पत्रांच्या पानावर कात्री सगळ्यात जास्त चालते, आणि ती हमखास तुझ्या आवडत्या ओळीवर चालते. मग चित्रात मांजर पटावर बसलेलं आणि पत्रात मांजराचा पत्ता नाही. शिवाय पत्रं ऐनवेळी आत-बाहेर होतात, म्हणून प्रत्येक अंकाला दोन-तीन सुटी चित्रं हाताशी ठेव, कुठल्याच पत्राला न बांधलेली. आपल्याकडे खेळ काय कमी आहेत? अळगुळी मणेच्या खळग्यांत अडकलेली चिंचोक्यांची रांग, सोफ्याखाली गेलेला फासा, अर्धा कुरतडलेला जोकर. लाल पोस्टाची पेटी आणि पिसाची लेखणी मात्र नको गं. पत्रं आता व्हॉट्सॲपवर येतात, तुझ्या संपादकांच्याही.

कुणी खरोखर पोस्टाने पाकीट पाठवत असेल तर त्याची कदर मात्र करा. अमेरिकेत 1988 ते 2012 निघालेल्या 'निंटेंडो पॉवर' या व्हिडिओ गेमच्या मासिकात वाचकांनी रंगवून पाठवलेली पाकिटं छापायचे, पोरं त्यासाठी जीव टाकून चित्रं काढायची. तुमच्या पानात तेवढा एक कोपरा ठेवायला सुचव. तुझं काम कमी होत नाही, आणि पोरांना अंकात शिरायला दार मिळतं.

आता पैसे. 'नाव होईल की' याचं उत्तर तितक्याच गोडीने द्यायचं: 'होऊ दे की, नावासोबत मानधनही द्या.' छापखानावाल्याला, कागदवाल्याला नाव होईल असं कुणी सांगत नाही. रक्कम मी सांगणार नाही. तुझे किती तास जातात ते तुला माहीत, त्यांचा अंक किती खपतो ते त्यांना माहीत. दर चित्रामागे न लावता दोन पानांचा मिळून लाव, म्हणजे एक चित्र गळलं म्हणून पैसे गळणार नाहीत. दुरुस्त्या दोनदाच, तिसरीचे वेगळे. पत्रच रद्द झालं आणि चित्र तयार असेल तर निम्मे तरी मिळायला हवेत, हे आधी बोलून घे. नंतर बोललं की भांडण होतं.

हे सगळं एका ईमेलमध्ये लिही, तोंडी ठेवू नकोस. त्यातच हेही लिही की चित्र एका अंकात छापायला दिलं आहे, मूळ चित्र आणि त्याचे हक्क तुझे. तू त्यांच्या पगारावर नाहीस. 1957 च्या कॉपीराईट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतं. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, आणि कुठल्या प्रदेशापुरते ते नसेल लिहिलं तर भारतापुरतं. त्यामुळे पुढे कुणी 'जरा सही कर' म्हणून कागद पुढे केला तर सही करण्याआधी मुदत वाच. उद्या त्यांनी तुझी कवडी टी-शर्टवर छापायची ठरवली तर ते वेगळं काम आणि वेगळे पैसे. तेही ईमेलमध्ये एका ओळीत घाल, हसतील, पण घाल.

तसंच दुसऱ्याचंही जप. कंपनीच्या डब्यावरचा योद्धा जसाच्या तसा उचलून आणू नकोस. खेळ ओळखू यायला षटकोनी फरशी किंवा एखादी सोंगटी पुरते.

सहीचं तू विचारलं नाहीस, पण सांगतो. कोपऱ्यात केलीस तर मांडणी करणारा पहिल्यांदा तोच कोपरा कापतो. सही चित्राच्या आतच, एखाद्या वस्तूवर बसव: फाशाच्या कडेवर, गादीच्या शिवणीवर. निपाणीच्या पत्राचं चित्र आधी कर, त्याला चादर आहेच, सहीला भरपूर जागा. आणि पट काढून झाला की छापायला द्यायच्या आधी आजीकडून फुल्या तपासून घे.